डोहवाडीला नवमीचं पान

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे चिंचा फोडणं. चैत्र होता. ओसरीवर पोतं पसरलं होतं. माझी बायको भागा बत्त्याने चिंच ठेचायची आणि मी चिंचोके काढायचो. माझ्याकडून एखादा चिंचोका आत राहिला की ती तो शोधून माझ्याच अंगावर फेकायची. मधेच ती म्हणाली, "मी तुमच्या आधी जानार."

"जा," मी म्हणालो. "पन एवढ्या चिंचा फोडून जा."

"जाते. पन माझ्या नवमीला म्हायेरच्या पारूला जेवू घालायचं. आमी दोघींनी ल्हानपनीच ठरवलंय. जी मागं ऱ्हाईल तिनं दुसरीच्या पानावर बसायचं."

"का? आपल्या गावात बाया न्हाईत?"

"ह्या बाया नावं ठेवत जेवत्यात. पारूबिगर दुसरी कुनी बसवली तर मी जेवायची न्हाई. उपाशी ऱ्हाईन."

"मेल्यावर भूक लागती व्हय?"

"जितेपनी लागती. मग मेल्यावर काय उलटं हुतंय?"

चिंचा संपल्या, मीठ लावून गोळे बांधले, आणि पुढच्याच आठवड्यात ती तापाने गेली.

नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं पितरपाटातल्या नवमीला करतात. तिच्या नावाने एका सवाशिणीला जेवू घालतात, लुगडं-चोळी देतात. सवाशीण जेवली की मेलेली जेवली. पहिल्या वर्षी करत नाहीत, म्हणून यंदा करायचं होतं. सून म्हणाली, "माझ्या मावशीला बसवू, ती जवळ हाय." मी म्हणालो, तुझी मावशी तुझ्या नवमीला बसव. आणि पिशवी भरली. परत आल्यापासून सुनेने एक सांगितलंय, न्हावी दुसरंच सांगत फिरतोय. तुम्ही कोणी भागाच्या माहेरची डोहवाडी पाहिलेली नाही, आणि पाहायला जाल असंही वाटत नाही. म्हणून झालं ते लिहितो.

सप्तमी: मोटार आणि काहील

लढाई चालू असल्याने पेट्रोल मिळत नाही. नगरहून कोल्हारकडे जाणारी सर्व्हिस मोटार कोळशाच्या धुरावर चालते. मागे बंबासारखं एक पिंप लावलेलं असतं, त्यात कोळसा पेटवतात. चढ आला की मोटार थांबते आणि सगळे उतरून ढकलतात. तिकीट काढून ढकलायचं. मी म्हातारा म्हणून मला पिंपाजवळ उभं केलं, कोळसा ढोसायला. कोल्हारला उतरलो तेव्हा माझे फक्त दात पांढरे होते, आणि तेही थोडेच.

तिथून प्रवरेच्या कडेकडेने पायी. डोहवाडी नदीच्या पलीकडच्या तीरावर आहे. भादवा म्हणजे नदी भरलेली, लाल पाणी. होडी असेल असं मला वाटलं होतं. होडी नव्हती, काहील होती. गुळाचा रस आटवायची लोखंडी काहील, दोन माणसं आडवी पडतील एवढी. तिकडे उसाची गुऱ्हाळं दिवाळीनंतर लागतात. तोवर काहील रिकामी, म्हणून तिची होडी करतात. हिवाळ्यात तिच्यात गूळ, पावसाळ्यात पाहुणे. काहील इस्माईलभाईची. हा माणूस गुळव्या, रसाला पाक आला का नाही हे तो वासावरून सांगतो. माणूस तरेल का नाही हे मात्र सांगत नाही.

वडाखाली एक गोसावी झोळी घेऊन उभा होता. भगवी कफनी, पोट बऱ्यापैकी. तोही माझ्याबरोबर काहिलीत बसला. काहील गोल असल्याने सरळ जात नाही, फिरत फिरत जाते. मला एकदा डोहवाडी दिसायची, एकदा सोडून आलेला काठ. कुठे चाललोय ते कळेना. मी काहिलीची कड घट्ट धरली.

"पाव्हनं, धरू नगा," इस्माईलभाई म्हणाला. "तुमी धरलं का ती तुमच्याकडंच कलती."

"सोडलं तर?"

"मग कुनीकडं कलंल ते तिचं ती बघंल."

गोसावी डोळे मिटून बसला होता. त्याने विचारलं, "कोन गाव? काय काम?"

"बायको वारली. तिची नवमी करायला चाललोय."

"कोनी मरत न्हाई," तो म्हणाला.

"मग मी चितेवर कुनाला ठेवलं?"

"आन कोनी जगतबी न्हाई."

इस्माईलभाई वल्हं मारत म्हणाला, "बुवा, वजन मधी ठेवा. जगत नसंल त्यानं जरा मधी सरकावं."

मी त्या वेळी या गोसाव्याकडे फार लक्ष दिलं नाही. पलीकडे उतरलो ते थेट रंभाजीच्या घरी गेलो. रंभाजी माझा मेव्हणा, भागाचा धाकटा भाऊ. त्याने दारातून मला पाहिलं आणि आत ओरडला, "सोना, ह्यो कोळशाचा येपारी आलाय, आपल्याला नको म्हन."

"रंभाजी, मी दाजी."

"आता गं. सासरवाडीला कुनी काळं तोंड घिऊन येतं का?"

सोनाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, पाणी आणि गुळाचा खडा आणला. आमच्याकडे पाहुण्याला नुसतं पाणी देतात, आणि तेही देताना घागरीकडे बघतात. इथे पाण्याचं कौतुक नाही. आंघोळीला तिने दोन घंगाळी काढली. आमच्याकडे आंघोळीचं पाणी परसातल्या भोपळ्याला जातं. इथे ते नुसतंच वाहून गेलं, कोणी वळूनही बघितलं नाही. मला ते बघवेना. पण एक गंमत सांगतो. नदी दारात असून हे लोक पिण्याचं पाणी काठच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीने भरतात, कारण पुराचं पाणी गढूळ. बायका सकाळी तासभर त्या खड्ड्याशी वाकलेल्या असतात आणि मागून एवढी नदी वाहत असते. भागा आमच्या आडावर घागर भरताना कधी कुरकुरली नाही. तिला लहानपणापासून ती सवय होती, हे मला इतक्या उशिरा कळलं.

घाटावर प्रत्येक घराचा धुण्याचा दगड वेगळा. भावाभावांच्या वाटण्या झाल्या की दगडाचीही वाटणी होते. रंभाजीच्या दगडावर सकाळी याचं धुणं, दुपारी चुलत्याचं. सकाळचं धुणं लांबलं की चुलती ओल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन शेजारी उभी राहते आणि दगडाकडे बघत राहते. कोणी काही बोलत नाही. त्यांच्यात त्याला भांडण म्हणतात.

जेवताना भाकरी, अंबाडीची भाजी, गूळ आणि तूप. मी कशासाठी आलो ते सांगितलं. पारूबाईला नवमीला बसवायचं आहे. रंभाजीचा घास हातात राहिला.

"दुसरी कुनी बघू या, दाजी."

"का? पारूबाई गेली?"

"न्हाई न्हाई. ती झकास हाय."

"नवरा गेला?"

रंभाजी म्हणाला, "व्हय." त्याच दमात सोनाबाई म्हणाली, "न्हाई."

मी दोघांकडे बघितलं.

"मी त्याच्या तेराव्याला जेवलोय," रंभाजी म्हणाला. "बुंदी हुती. आता त्याला जित्ता कसा म्हनू?"

"आन मी त्याला रोज भाकरी घालते," सोनाबाई म्हणाली. "मेलेलं कुनी रोज दारात येऊन 'कालवन काय केलंय' म्हनतं का?"

मग हळूहळू उलगडा झाला. पारूबाईचा नवरा गोपाळ, गावातलाच, चांगला बागाईतदार. काही वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात वैराग्य शिरलं. तो त्र्यंबकला गेला, गुरू केला, गोसावी झाला. गोसावी होताना आपले पिंड आपणच पाडायचे असतात. ते त्याने पाडले. परत येऊन गावाला आपल्याच तेराव्याचं जेवण घातलं, पंगतीत स्वतः फिरून आग्रह केला. मग हिमालयात जातो म्हणून निघाला आणि नदी ओलांडून वडाखाली थांबला. तिथून त्याला घर दिसतं. धर्मातलं नाव त्याचं काहीतरी मोठं आहे, ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. गाव त्याला निवांतगिरी म्हणतं. रोज काहिलीतून येतो, पहिली भिक्षा आपल्याच दारात मागतो, आणि बायकोला 'माई' म्हणतो.

"म्हंजी तो काहिलीतला?" मी विचारलं.

"त्योच. कोनी मरत न्हाई म्हनला असंल," सोनाबाई म्हणाली.

जमीन अजून त्याच्या नावावर. तलाठी म्हणतो, मेला असेल तर त्याने समोर येऊन तसं सांगावं, मी नाव कमी करतो. तो येतो, पण बोलत नाही, अंगठ्याला धुनीची राख लावून आशीर्वाद देतो.

अष्टमी: पारूबाई, जोशीबुवा आणि वड

पारूबाई मला तिच्या अंगणात भेटली, शेंगा निवडत होती. बुटकी, भागाच्याच वयाची, आवाज मात्र शेतापलीकडे जाईल असा. माझ्याकडे वरखाली बघून म्हणाली, "भागीचा नवरा तुमी? लगनात बरे दिसत हुता."

"तुमीबी," मी म्हणालो.

तिला हसू आलं. बसायला घोंगडं टाकलं. भागा कशी गेली ते विचारलं. मी सांगितलं. ती किडक्या शेंगा चांगल्यात टाकत राहिली. मग भागाच्या गोष्टी निघाल्या. लहानपणी दोघी डोहात उतरायच्या. पाणी किती खोल ते बघायला भागा पारूच्या खांद्यावर उभी राहायची. "खाली मी गुदमरायची," पारूबाई म्हणाली, "आन वरून ही इचारायची, पारे, अजून किती?"

हे मला भागाने कधी सांगितलं नव्हतं.

मी नवमीचं बोललो. तिच्या कपाळाकडे माझं लक्ष होतं. कपाळ कोरं होतं, पण मधोमध कुंकवाचा डाग दिसत होता.

"बघून घ्या," ती म्हणाली. "खालची आळी मला रांडाव समजती, वरची आळी सवाशीण. झिऱ्यावर जायचं तर वरच्या आळीतनं वाट, म्हून कुंकू लावते. दुकान खालच्या आळीत, जाताना पुसते. डोरलं कधी चोळीच्या आत, कधी बाहीर. लई कटकट हाय, दाजी. मधल्या वाटंनं गेलं का मलाच उमगत न्हाई, मी कोन."

"तुमी सवाशीणच. मी बघितलाय त्याला. पोट केवढं सुटलंय."

"तुमी बघितलं हो. पन त्यानं पिंड पाडलेत. कावळा शिवला हुता म्हनं लगीच." तिने सूप खाली ठेवलं. "ऐका. मला भागीच्या पानावर बसायचंय. माझा शबुद हाय. पन मी सवाशीण नसले आन तरी बसले, तर तिला पोचायचं न्हाई. भागी तिकडं पान मांडून बसंल आन म्हनंल, पारीनं फशिवलं. मी जेवून उठायची आन ती उपाशी."

म्हणजे माझ्या मनातलंच ती बोलत होती. मी भांडायला तयार होऊन आलो होतो, ते भांडण तिथेच संपलं. आता प्रश्न एकच उरला. माणूस मेला का जिवंत.

जोशीबुवांकडे गेलो. गावचे जोशी, म्हातारे, सज्जन, ऐकायला कमी येतं. त्यांनी पोथी काढली, चष्म्याची दोरी कानाला गुंडाळली.

"पाहुणे, संन्याशाच्या बायकोचं काय ते यात दिलंय," ते म्हणाले. "पण संन्यासी रोज दुपारी घरी येतो आणि आमटी पातळ झाली म्हणतो, असं यात कुठे नाही. शास्त्रकारांना हे सुचलं नसावं."

"मग करू काय?"

"त्यालाच विचारा. मी सवाशिणीचा नवरा आहे एवढं त्याने चारचौघांत म्हटलं तर मी संकल्प सोडतो. नाही म्हटलं तर दुसरी बाई बघा."

मी काहिलीतून परत अलीकडे आलो. गोसावी वडाखाली पडला होता. धुनी विझलेली, शेजारी वेताची छत्री. मला बघून उठून बसला.

"गोपाळराव," मी म्हणालो.

"गोपाळ मेला."

"कधी?"

"त्र्यंबकाला."

"मग तिथंच का न्हाई ऱ्हायलास?"

तो धुनीतली राख उकरू लागला. मी त्याला सगळं नीट सांगितलं. माझी बायको, तिचा शब्द, पारूबाईची अडचण. तू एवढंच म्हण, मी जिवंत आहे. बाकी तुझं वैराग्य तुझ्यापाशी ठेव, मला नको.

"आमी काय म्हननार," तो म्हणाला. "म्हननारा कोन? आमाला बायको न्हाई, घर न्हाई, चव न्हाई."

"पारूबाई सांगत हुती, काल भाकरीत मीठ कमी म्हनलास, ते?"

"देहाला मीठ लागतं. आमाला न्हाई."

"मग देहाला इचार, लगीन झालंय का."

तो डोळे मिटून बसला. मला राग आला. मी त्याची छत्री उचलली आणि म्हणालो, ही कोणाची? तो म्हणाला, "आमची." म्हणजे छत्रीपुरता हा जिवंत होता. छत्री ठेवून मी उठलो. इस्माईलभाई काहिलीत वाट बघत होता. अर्ध्या पाण्यात आल्यावर म्हणाला, "पाव्हनं, मी त्याला रोज फुकट नेतो. मेल्या मानसाकडनं पैका घ्यायचा न्हाई म्हनून. तो जित्ता निघाला तर मागचं समदं भाडं मागनार हाय मी."

"मग तूच कर की कायतरी."

"माझं काम काहील हाकायचं. बाकी वरच्याचं."

संध्याकाळी पारूबाईने निरोप धाडला. स्वयंपाक करा. मी येते. पानावर बसायचं का नाही ते तेव्हा बघू.

नवमी: घाटावर

सोनाबाई पहाटे उठली. वडे, खीर, आमटी, भोपळ्याची भाजी, अळू, कढी. साखर कंट्रोलमध्ये, पण त्या गावाला साखरेशी काय देणंघेणं. खिरीत गूळ एवढा पडला की पळी उभी राहिली. त्यांच्यात नवमीचं पान घरात मांडत नाहीत, घाटावर पिंपळाच्या पारावर मांडतात, म्हणजे नदीचा पदर धरून पितर येतो म्हणतात. आमच्याकडे पितरांना घरातच जेवायला बोलावतात आणि गायीचं पान वेगळं. मी म्हटलं, असू दे, भागा इथलीच आहे, तिला वाट ठाऊक आहे.

गंमत अशी झाली की दोन्ही आळ्या घाटावर आल्या. वरची आळी आली ती पारू बसणार म्हणून, खालची आली ती बसू द्यायची नाही म्हणून. सगळ्यांनी जेवायला ताटं आणली होती. पंगतीला कमी पडू नये म्हणून सोनाबाईने शेजाऱ्यापाजाऱ्यांकडचं पीठ आणलं आणि घाटावरच पुन्हा कढई ठेवली.

पारूबाई आली. कपाळ कोरं, हातात बांगड्या, डोरलं चोळीच्या आत का बाहेर ते पदरामुळे दिसत नव्हतं. पान मांडलं होतं. पाटाभोवती रांगोळी काढली होती, हिरवं लुगडं ठेवलं होतं. ती पाटाजवळ उभी राहिली, बसेना.

"बस की गं पारू," वरच्या आळीतली एक म्हणाली.

"कशी बसंल?" खालच्या आळीतला एक म्हातारा म्हणाला. "आमी बुंदी खाल्लीया."

"बुंदी खाल्ली म्हंजी काय मानूस मरतं व्हय? लगनातबी खाता की."

जोशीबुवा हात कानामागे धरून दोन्ही बाजू ऐकत होते आणि दोघांनाही मान डोलवत होते. खीर गार व्हायला लागली. मी भागाचा विचार करत होतो. ती भुकेची कच्ची. जेवायला उशीर झाला की तिचं डोकं दुखायचं.

मी जोशीबुवांना म्हणालो, दुसरी बाई बसवू का. माझ्या तोंडून ते निघालं आणि पारूबाईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, माझ्या जिभेला आग लागो.

तेवढ्यात काहील आली. निवांतगिरीची भिक्षेची वेळ झाली होती. काहिलीत तो ताठ बसला होता, छत्री उघडून. काठ जवळ आला. तिथे पुराने वाहून आलेला फेस, बाभळीच्या काटक्या, पाला अडकला होता. त्या पाल्यातून एक विरोळा उसळला आणि काहिलीत पडला. विरोळा म्हणजे पाण्यातला साप, विष नाही, आमच्याकडच्या सरड्याएवढा गरीब. तो बुवाच्या मांडीवर पडला.

बुवा उभा राहिला. काहिलीत उभं राहायचं नसतं. काहील कलली, छत्री एकीकडे गेली, झोळी दुसरीकडे, बुवा तिसरीकडे. पाण्यात पडता पडता तो ओरडला, आणि अख्ख्या घाटाने ऐकलं, "पारू, अगं पारू, मेलो."

इस्माईलभाई काहील धरून शांतपणे म्हणाला, "बुवा, हुबा ऱ्हा. कंबरंएवढं पानी हाय."

बुवा उभा राहिला. पाणी कमरेएवढंच होतं. विरोळा आपला पोहत निघून गेला. पारूबाई कधीच पाण्यात उतरली होती, गुडघ्याइतक्या. तिने आधी झोळी धरली. "कालचं पीठ भिजलं," ती म्हणाली. मग त्याचा हात धरून काठावर आणला.

मग खालच्या आळीतला तोच म्हातारा म्हणाला, "आयकलं का? सवता म्हनतोय मेलो म्हून."

"आत्ता मेलो म्हनला," रंभाजी म्हणाला. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं आपण काय बोललो ते. "म्हंजी आत्तापत्तूर जित्ता हुता."

"मग आमी तेरावं जेवलो ते कुनाचं?"

"ते काय म्हाईत न्हाई. पन बुंदी बरी हुती."

सगळे जोशीबुवांकडे वळले. जोशीबुवांना 'मेलो' ऐकू आलं होतं, कारण ते फार मोठ्याने झालं. ते म्हणाले, "ओरडेपर्यंत जिवंत होता यात संशय नाही. ओरडल्यावर बुडाला नाही. म्हणजे अजूनही आहे."

बुवाच्या दाढीतून पाणी गळत होतं. तो म्हणाला, "आमी न्हाई वरडलो. देह वरडला."

सोनाबाई कढईपुढून उठली, हातात झारा. "देहाला पारूचं नाव कसं ठावं?"

बुवाने छत्री कुठे गेली ते शोधायला मान वळवली.

पारूबाई ओल्या पायांनी पारावर आली. सोनाबाईचा करंडा उघडला आणि कुंकू लावलं, चांगलं रुपयाएवढं, दोन्ही आळ्यांना दिसेल असं. डोरलं पदराबाहेर काढलं. मला म्हणाली, "लगनाला एवढी वर्सं झाली, 'अगं ए' आन 'माई' सोडून त्यानं मला कधी हाक मारली न्हाई. त्याला माझं नाव ठाऊक हाय हे मला आज कळलं." आणि पाटावर बसली. "वाढा."

जोशीबुवांनी संकल्प सोडला. मी वाढलं. खीर, वडे, आमटी, सगळं मीच. पारूबाई जेवायला लागली ती कोणाकडे न बघता, भराभर, शेतातून आलेल्या माणसासारखी. दोन वडे झाल्यावर हात थांबवून म्हणाली, "ह्यो भागीचा," आणि तिसरा घेतला. खीर दोनदा मागितली. आमटी तोंडाला लावून म्हणाली, "भागीनं असती तर आंबट कमी घातलं असतं," आणि वाटी पुसून खाल्ली. मी वाढत होतो आणि बघत होतो. साऱ्या जन्मात भागा माझ्याआधी कधी जेवली नव्हती. मी उठलो की ती माझंच ताट ओढून बसायची. ती काय खाते, किती खाते, मी कधी बघितलं नव्हतं. माझं तोंड तोवर दाराकडे असायचं.

पान स्वच्छ झालं. पारूबाई उठली, हात धुतले. मी लुगडं दिलं. ती पाया पडायला वाकली. मी म्हणालो नको, आज तू भागा आहेस. ती म्हणाली, "मग तर पडलंच पायजे, न्हाई तर तुमी बोंब मारचाल." आणि पडली.

मग दोन्ही आळ्या जेवायला बसल्या. बुवा काठावर ओला उभा होता. भूक लागली असावी. तो पारूबाईपुढे झोळी धरून म्हणाला, "माई..."

"माई म्हनायचं तर म्होरल्या दारी जा," ती म्हणाली. "आन कफनी पिळून घे, पडसं व्हईल."

तो पुढच्या दारी गेला नाही. तिथेच कफनी पिळली आणि पंगतीच्या टोकाला बसला. जिवंत का मेलेला, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण कोणी आग्रह न करताच चार वडे खाल्ले. इस्माईलभाई त्याच्या शेजारी मुद्दाम बसला आणि मागच्या भाड्याचं बोलत राहिला. इस्माईलभाईला मी गूळ आणि खीर वेगळी दिली, त्याच्या घरी न्यायला.

मी उभ्याने वाढत राहिलो. बुंदी खाल्लेले सगळ्यात जास्त जेवले. सगळ्यांचं झालं तेव्हा पातेल्यात आमटीचं पाणी आणि भोपळ्याचं एक साल उरलं होतं. सोनाबाईला लाज वाटली. म्हणाली, "दाजी, तुमच्यासाठनं भात टाकते." मी म्हणालो, राहू दे, मला काही नको. आणि खरंच नको होतं. घोंगडं घेतलं आणि दिवस मावळायच्या आत झोपलो.

दशमी

सकाळी जाग आली ती पोटात आग पडल्याने. सोनाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी तोंडही धुतलं नव्हतं. पाट ओढला आणि तिच्यासमोर बसलो.

"दाजी, आंघूळ तरी करा. दोन घंगाळी तापवलीत."

"ती काल जेवली," मी म्हणालो. "आता मला वाढ."

तिने ताट घेतलं. भाकरी, दूध, गुळाचा खडा. मी दूध-भाकरी कुस्करून खाल्ली. दुसरी मागितली. तीही खाल्ली. रंभाजी दारात येऊन उभा राहिला, म्हणाला, मोटार कोल्हारहून निघून जाईल, उशीर होतोय. मी त्याला हाताने थांब म्हटलं. तिसरी भाकरी तव्यावर फुगायची होती. ती निघेपर्यंत मी ताट धरून बसलो.